चीफचा न घासलेला कप

मित्रांनो, मला कान नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुजबुज नको. मी एक जुना, जाडजूड, चिनी मातीचा कप आहे. नौदलाच्या जहाजांवर पूर्वी असे बिनकानाचे कप असत. थंडीत पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला कप दोन्ही हातांत धरून ऊब घ्यायची असते, करंगळी वर करून मिरवायचं नसतं. कान नसला तरी मला ऐकू सगळं येतं, आणि ऐकलेलं मी विसरत नाही. या स्वभावाचा मला त्रासच जास्त झालाय.

बाहेरून मी पांढरा आहे. हल्ली आतूनही पांढराच आहे, आणि माझं दुःख तेच आहे.

माझा जन्म कारखान्याच्या भट्टीत झाला. माझ्यासारखे हजारो त्या दिवशी जन्मले, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते एका जहाजाच्या इंजिनखोलीत. क्लेटस बोरोव्स्की नावाच्या काटकुळ्या पोरानं मला फळीवरून उचललं. तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका गवळ्याचा मुलगा. घरच्या गाई सोडून तो समुद्रावर आला होता आणि पहिले काही आठवडे त्याला दोन्हीची उलटी येत होती, समुद्राची आणि जहाजावरच्या कॉफीची. त्या कॉफीत चिमूटभर मीठ असे. हळूहळू त्याला दोन्ही गोष्टी मानवल्या.

जहाजावर एक रीत होती. जुन्या माणसाचा कप कधी घासायचा नाही. पाण्यानं नुसता विसळायचा, पालथा घालायचा, झालं. कॉफीचा थर आत चढत जातो, आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा. त्यावरून माणसाची नोकरी किती झाली ते कळे. एकदा एका नवख्या पोरानं मोठ्या प्रेमानं एका म्हाताऱ्या चीफचा, म्हणजे खलाशांवरच्या मुकादमाचा, कप घासून लखलखीत करून ठेवला. पुढचं बंदर येईपर्यंत कुणी त्या पोराशी एक शब्द बोललं नाही.

क्लेटस पुढे स्वतः चीफ झाला. नोकरी संपवून गावी निघाला तेव्हा त्यानं पदकं एका पाकिटात कोंबली आणि मला स्वच्छ लोकरी मोज्यात गुंडाळून घेतलं. माझा मान काय होता, हे त्यावरून ओळखा.

घरी बायको डोलोरेस आणि तीन मुली होत्या. डोलोरेसला माझी किळस यायची.

“क्लेटस, या कपात एक दिवस शेवाळ उगवेल,” ती म्हणायची.

“उगवू दे. कोशिंबिरीत घाल.”

मुली भांडी घासताना मला चिमटीत धरून बाजूला ठेवत. घरात आलेल्या जावयाला कामाला हात लावू देत नाहीत, तसं. धाकट्या रिटाला ताप आला की क्लेटस मला घेऊन तिच्या उशाशी बसे. तिला झोप लागली की हळू आवाजात मला जहाजाच्या गोष्टी सांगे. वादळाच्या, आणि बॉयलर फुटून गेलेल्या दोन सोबत्यांच्या. त्यांची नावं त्यानं डोलोरेसला एकदा सांगितली, मला शंभरदा सांगितली.

सेवानिवृत्तीनंतर तो स्वस्थ बसला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्यानं चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दर शुक्रवारी तिथे मासळी तळतात. सगळं गाव शेजारच्या हॉलमध्ये जेवायला येतं. सरोवरातली मासळी, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड. राबणारे सगळे फुकट राबतात, आणि म्हणून काम अर्धवट टाकून जायचा हक्कही आपल्याला आहे असं समजतात. क्लेटसनं तो हक्क पहिल्याच शुक्रवारी काढून घेतला.

“भांडं तुझं असो नाहीतर बिशपचं असो,” तो म्हणाला, “घासल्याशिवाय या हॉलला कुलूप लागणार नाही.”

आणि स्वतः सिंकपाशी उभा राहिला. तीस वर्षं तिथेच उभा होता. त्याच्या शेजारी पुसायला मिल्टन ब्रूनर. हा निवृत्त पोस्टमन, एका डोळ्यानं अधू, तोंडानं मात्र ठणठणीत. मी सिंकवरच्या फळीवर बसायचो, आणि मिल्टनला मी दिसलो की त्याची जीभ वळवळायची.

“चीफ, सगळ्या गावाला कायदा, आणि तुझ्या या कपाला काय बिशपनं सूट दिलीय?”

“तुमचं घासता घासता माझ्या कपाला वेळच मिळत नाही रे,” क्लेटस म्हणायचा, आणि विषय संपवायचा.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. खरं कारण सांगायला क्लेटसला कितीसा वेळ लागला असता? पण त्यानं ते सांगितलं नाही. तरुणपणी मिल्टन नौदलात भरती व्हायला गेला होता आणि त्या डोळ्यामुळे त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. ते त्याला जन्मभर लागून राहिलं. म्हणून क्लेटस त्याच्यासमोर जहाजाचं नावही काढत नसे. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. त्या मोठेपणाची किंमत मी मोजली.

क्लेटस गेला तो मार्च महिन्यात. सकाळी कॉफी प्याला, कप विसळायच्या आत छातीत कळ आली, आणि इस्पितळातून परत आलाच नाही. माझ्या तळाशी त्या शेवटच्या कॉफीचं वर्तुळ वाळून राहिलं.

आणि डोलोरेस बदलली. जन्मभर नाक मुरडणारी ही बाई अंत्यविधीपर्यंतच्या दिवसांत मला रोज सकाळी दोन्ही हातांत घ्यायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून बसायची. विसळायचीसुद्धा नाही. क्लेटसच्या धुतलेल्या शर्टांना साबणाचा वास येत होता. त्याचा स्वतःचा वास उरला होता तो फक्त माझ्यात. मला वाटलं, आता मी सुरक्षित आहे. या बाईच्या हातून मला कधी दगाफटका होणार नाही.

अंत्यविधीनंतर त्याच हॉलमध्ये जेवण होतं. मुली म्हणाल्या, टेबलावर बाबांचा फोटो आणि टोपी ठेवू, पण कपाशिवाय ते बाबा वाटणारच नाहीत. डोलोरेस का-कू करत होती. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं मला टोपीशेजारी ठेवलं. नौदलाच्या माणसांनी घडी घातलेला झेंडा तिच्या मांडीवर ठेवला. लोक जेवले, रडले, मासळीची आठवण काढून हसले. मग भांडी गोळा झाली, आणि क्लेटसच्या जागी सिंकपाशी मिल्टन उभा राहिला. दुसऱ्या कुणाला त्यानं तिथे येऊच दिलं नाही.

शेवटचं ताट घासून झालं. मिल्टननं हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

मला वाटलं, तो निरोप घ्यायला येतोय. त्यानं मला उचललं, सिंकपाशी नेलं, आणि खाण्याचा सोडा माझ्यात ओतला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तारेच्या घासणीनं त्यानं मला घासलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि माझ्यातूनही गळत होतं, तपकिरी. समुद्र, वादळं, ते दोन सोबती, रिटाचा ताप, शेवटची सकाळ, सगळं त्या भोकातून खाली गेलं. क्लेटस, तू मला सगळं सांगितलंस, आणि या माणसाला एवढंसंही सांगितलं नाहीस! मी ज्याच्याशी साठ वर्षं इमानानं राहिलो त्याचाच कायदा माझ्या गळ्याशी आला.

मिल्टननं मला पुसून दोन्ही हातांत धरलं, बक्षीस आणावं तसं डोलोरेसपुढे आणलं.

“डोलोरेस, बघ. त्यानं जन्मभर आपली सगळ्यांची भांडी घासली. त्याचा हा एवढासा कप कुणी घासला नाही. आज मी घासला.”

ती आत बघत राहिली. रिटा काहीतरी बोलणार होती, तर डोलोरेसनं तिचं मनगट घट्ट धरलं.

“छान निघालाय, मिल्टन,” ती म्हणाली. “थँक यू.”

थँक यू! मिल्टनला काही ठाऊक नव्हतं, त्याचं एक वेळ सोडा. पण हिला सगळं ठाऊक होतं. माझ्या बाजूनं एक शब्दही न बोलता तिनं माझ्या मारेकऱ्याचे आभार मानले. घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता तिनं मला नाकाशी नेलं. सोड्याचा वास आला. मग मात्र ती रडली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. इतका मी दुखावलो होतो.

रिटाला राहवलं नाही. तिनं मिल्टनला गाठून त्या थराचं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा.

“मला का नाही सांगितलं त्यानं? तीस वर्षं शेजारी उभा होतो मी.”

“तुला नौदलात घेतलं नव्हतं ना त्यांनी,” डोलोरेस म्हणाली. “तुला लागू नये म्हणून.”

मिल्टन खुर्चीच्या काठावर बसला. माणूस इतका लहान होऊ शकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. डोलोरेसनं कॉफी उकळली, चिमूटभर मीठ टाकलं, आणि माझ्यात ओतून त्याच्यापुढे सरकवली.

“यातून? मी?”

“मग कोण? मला कॉफी सोसत नाही, छातीत जळजळतं. पी.”

त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “मीठ पडलंय यात.”

“त्याची अशीच असायची.”

त्यानं तळापर्यंत संपवली, सवयीनं उठला, सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि घासणी उचलली.

“मिल्टन,” डोलोरेस म्हणाली. “घासणी खाली ठेव.”

तेव्हापासून तो रोज सकाळी येतो. एका डोळ्यानं त्याचा अंदाज चुकतो, माझ्यातली कॉफी टेबलक्लॉथवर सांडते. मी त्याला अजून क्षमा केलेली नाही, आणि डोलोरेसलाही नाही. मित्रांनो, तुम्हाला एवढंच विनवतो. दुसऱ्याची वस्तू प्रेमानं हातात घेतलीत तरी आधी विचारा. आणि तुमची एखादी वस्तू जिवापाड जपलेली असेल, तर ती का जपलीत हे जिवंतपणीच कुणाला तरी सांगून ठेवा. वस्तूला ते सांगता येत नाही.

थर चढायला साठ वर्षं लागली होती. डोलोरेस ऐंशी ओलांडून गेलीय, मिल्टन तिच्याहून थोडासाच लहान. काल त्यानं कॉफी संपवून मला खिडकीच्या उजेडात तिच्यापुढे धरलं.

“बघ गं, माझा हा डोळा धड नाही. काही चढलाय का रंग?”

तिनं आत डोकावलं. मी लख्ख पांढरा होतो.

“चढलाय की,” ती म्हणाली. “चांगला चढलाय.”

ती पुन्हा खोटं बोलली. या वेळी मला राग आला नाही.