पाहुण्यांचं पाणी

हिमांशूला पक्षीप्रेमी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या कॉलनीचा हा सेक्रेटरी गळ्यात महागडी दुर्बीण अडकवतो आणि साळुंकीला बुलबुल म्हणतो. पण त्या हिवाळ्यात सहल ठरवायची सूत्रं त्याच्याच हाती होती. औरंगपुऱ्यातल्या त्याच्या ऑफिसात आम्ही चार टाळकी जमलो होतो.

"सकाळी पाहुणे बघायचे, दुपारी हुरडा, संध्याकाळी भारूड," तो म्हणाला. "शहरात वाढलेल्या लोकांना गाव दाखवायचं. फुल पॅकेज!"

पाहुणे म्हणजे थंडीत लांबून येणारे पक्षी. ग्रुपवर तो त्यांना पाहुणेच लिहायचा आणि पुढे हात जोडलेलं चित्र टाकायचा. ते चित्र पाहिलं की माझं डोकं उठायचं.

"हुरड्याला ज्वारी कुठं उगवलीय?" मी विचारलं. "पाऊस तर तोंड दाखवून गेला. नाथसागराचं पाणीही पार आत सरकलंय. तिथवर चिखल तुडवत कोण जाणार?"

"काकू, हुरडा बाहेरून मागवू. आणि गंगापूरकडे माझ्या मित्राचं शेततळं आहे. ते भरून घेतो, दाणे टाकतो. पक्षी झक मारत येतील. सदाशिवकाकांना खुर्चीत बसून, अगदी समोर दिसतील."

सदाशिव माझे यजमान. काचबिंदूनं त्यांची नजर खात आणली होती. गेलेली परत येणार नाही, उरलीय ती सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच मला नाथसागरावर करकोचे दाखवले होते. अंधार होण्याआधी त्यांना ते एकदा दाखवायचेच, असं मी मनाशी धरलं होतं. त्यांना विचारलं तर "जाऊ की," म्हणाले. म्हणून मी त्या माणसाचा चहा प्याले. शी!

रविवारी जागा बघायला मी, हे आणि हिमांशू असे तिघं त्याच्या गाडीतून निघालो. वाळूज मागं पडलं तरी प्लॉटिंगच्या पाट्या काही संपेनात. मी पाट्यांवर वैतागले की 'कसल्या गं पाट्या?' असं हे विचारत होते आणि मी वाचून दाखवत होते. 'निसर्गाच्या कुशीत घर.' खाली औषधालाही झाड नाही.

शेततळ्याला लागूनच लक्ष्मीबाईंचं घर. सहलीचं जेवण त्या रांधणार होत्या. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. हिमांशूनं खळखळून चूळ भरली, अंगणात थुंकला आणि उरलेलं पाणी गॉगलवर ओतून तो धुतला. लक्ष्मीबाई त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. तोच तांब्या त्याच्या टाळक्यात हाणावा असं मला वाटलं.

"टँकर कवाचा आला नाय, बाई," त्या मला हळूच म्हणाल्या. "न्हाय तर दुसरा तांब्या भरला असता."

तेवढ्यात हॉर्न वाजला. घराघरांतून बाया हंडे घेऊन पळत सुटल्या. टँकर मात्र वस्तीवर न थांबता शेततळ्याच्या फाटकाशी गेला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"गावाचं नाय हे! पाहुण्यांचं पाणी हाय!"

लक्ष्मीबाईंनी काखेतला हंडा खाली केला. "पाव्हन्यांचं व्हय? मंग असू द्या. पाव्हन्याला नाय म्हनू नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती मानसं येनार हायेत हो? येवढं पानी म्हंजी लगीनच की!"

बाया रिकामे हंडे घेऊन माघारी वळल्या. हिमांशू गालातल्या गालात हसत होता. मला खरं काय ते माहीत होतं, एका वाक्याचं काम होतं. पण डोळ्यांपुढे ते भरलेलं तळं आलं, ती खुर्ची आली, खुर्चीतले हे आले. मी गप्प बसले. हिमांशूची किळस येत होतीच, आता स्वतःचीही आली.

"लक्ष्मीबाई," हे म्हणाले, "पाहुणे म्हणजे माणसं नव्हेत. पाखरं. ते पाणी तळ्यात ओतणार आहेत, पाखरं यावीत आणि आम्ही ती बघावीत म्हणून."

"पाखरांला?" लक्ष्मीबाईंनी हिमांशूकडे असं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. मग त्या ओरडल्या, "अगं ए बायांनो, फिरा माघारी!"

बायांनी टँकरला गराडा घातला. ड्रायव्हरनं मुकाट्यानं तोटी सोडली. "अहो, माझी ऑर्डर आहे ती!" हिमांशू ओरडत धावला, तर एका म्हातारीनं भरलेला हंडा त्याच्याच हातात दिला. "धर जरा."

मला मात्र यांचाच राग आला होता. "काय गरज होती मध्ये बोलायची? आता कुठं दिसणार तुम्हाला करकोचे?"

हे नुसते हसले.

लक्ष्मीबाई काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आल्या. "घ्या दादा. खरे पाव्हने तुमी," असं म्हणत त्यांनी तो यांच्या छातीसमोर धरला. लख्ख ऊन होतं. घासलेला तांब्या चकाकत होता. यांनी हात पुढं केला तो तांब्याच्या शेजारून रिकामाच गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. लक्ष्मीबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी यांचं मनगट धरून हात तांब्यावर टेकवला. घरात यांना सगळ्या वस्तूंच्या जागा पाठ, मला कळणार तरी कसं?

"कधीपासून?" मी विचारलं.

ते सगळं पाणी प्याले. एक थेंब सांडू दिला नाही.

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "तुला करकोचे बघायचे होते ना, म्हणून जाऊ म्हटलं."