रिकामीच वर नेलेली खुर्ची

जुनी म्हणाल तर मी जुनी आहे, मित्रांनो. वापरलेली मात्र नाही. मी चाकाची खुर्ची. कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत जिन्याखाली राहते. कचेरीचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर बाकीच्या कचेऱ्या सुटलो म्हणून हुश्श करतील, आणि ते मला नको आहे.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी हळू आवाजात सांगतात. जुनी छत्री, फुटकी पाटी, दारातला दिवा. सांगता सांगता त्यांचा गळा दाटतो. माझा गळा दाटत नाही. मला राग आला आहे. तो तुम्हा मुलांनाच सांगते, कारण मोठ्यांनी मला समोर ठेवून माणसाच्या हक्कांवर भाषण ऐकलं आणि बटाटेवडे खाऊन घरी गेले.

माझा जन्म उचगावातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. पिराजी मिस्त्रीनं मला घडवलं. त्याची आई शेवटची दोन वर्षं खाटेवरून उठली नव्हती. तिला दारातला जोंधळा बघायचा होता, आणि पिराजीला तिला उचलून न्यायला रोज जमलं नव्हतं. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून माझ्या नळ्या वाकवताना, सांधे जोडताना त्याचा हात हलका पडे. हात टेकायची जागा त्यानं तीनदा घासली. "म्हाताऱ्या कातड्याला खडबडीत लागू नये," असं तो माझ्याशीच बोलायचा. काम झाल्यावर तो स्वतः माझ्यात बसला, शेडच्या अंगणात गोल फिरला आणि म्हणाला, "जा बाई आता. कुणाला तरी जोंधळा दाखव."

मी निघाले ती लग्नाला निघालेल्या मुलीसारखी. कचेरीच्या दारात मला हार घातला. नारळ फोडला. पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'दिव्यांग व ज्येष्ठ नागरिकांसाठी'. फोटो निघाले. मग स्टोअरच्या भाऊसाहेबांनी माझ्या चाकातून साखळी ओवली, जिन्याच्या कठड्याला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ते वर गेले.

माझ्या बैठकीवरचं प्लास्टिक तेव्हाही काढलं नाही. तपासणीला वरचे साहेब आले, तर खुर्ची कोरी दिसली पाहिजे!

त्याला नऊ वर्षं झाली. नऊ खंडेनवम्या झाल्या. दर खंडेनवमीला कचेरीत हत्यारांची पूजा होते. जीपला झेंडूची माळ, झेरॉक्सच्या मशिनला माळ आणि मलाही माळ. हळद-कुंकू लावतात, उदबत्ती ओवाळतात, पेढा वाटतात. साखळी न काढताच ओवाळतात. जीप दुसऱ्या दिवशी रस्त्यावर धावते, मशीन कागद काढते. माझ्यापुढे मात्र माणसं लंगडत, कण्हत, भिंत धरत जिना चढतात, आणि माझ्या चाकात झेंडू वाळत राहतो. ज्याची पूजा करता त्याला कामाला लावू नये, हे कुठल्या देवानं सांगितलं हो तुम्हाला?

आता त्या दिवसाचं सांगते.

कचेरीत सरकारी सेवकांना मानवी हक्कांचं प्रशिक्षण होतं. वरच्या मजल्यावर, सभागृहात, अकरा वाजता. शिकवायला पूर्णिमा मॅडम येणार होत्या. त्यांनी कळवलं होतं की एक चाकाची खुर्ची हवी. प्रत्येकानं पाच मिनिटं तीत बसून बघायचं, चालता न येणं म्हणजे काय ते. त्या बाईंच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते.

सकाळी दहाला गुंडू शिपायानं माझं कुलूप काढलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा साखळी सुटली. माझी चाकं इतकी हरखली की आपसूकच हातभर पुढं सरकली.

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. कळंब्याच्या पलीकडच्या मळ्यातल्या बायडाबाई आल्या होत्या. सत्तरीच्या. दोन्ही गुडघ्यांतला जीव गेलेला. सून वर्षाराणीनं त्यांना काखेत धरून आत आणलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं. त्यांची रस्त्याची केस होती. घराकडं जाणारा वहिवाटीचा रस्ता शेजारच्या यशराजनं सिमेंटचे खांब रोवून, तारा ओढून बंद केला होता. आता त्यांच्या दाराशी रिक्षा येत नव्हती. दवाखान्याला जायचं तर सुनेनं त्यांना पाठकुळी घ्यायचं आणि चिखलाच्या बांधावरून तोल सावरत चालायचं. सून दोनदा पडली होती. आज सुनावणी होती. वेळ दुपारी बाराची, वरच्या मजल्यावर.

गुंडू आणि आणखी एक जण मला उचलून जिना चढू लागले. बायडाबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं बाबा, देवासारखा आलास बघ! मला बशीव की त्यात. दोघं हायसा, सून हाय. न्याल की वर."

"ही ट्रेनिंगची हाय, मावशी."

"मग वरच चाललीया न्हवं? मी बी वरच चाललोय."

"रिकामीच न्यायची हाय," गुंडू म्हणाला. "वर फोटो हाईत. सरका जरा."

त्या सरकल्या. मी त्यांच्या डोक्यावरून गेले. मित्रांनो, लोखंडाला लाज वाटत नाही असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

मला सभागृहाच्या दारात ठेवलं. तिथून जिना दिसत होता आणि समोरची रावसाहेबांची खोलीही. रावसाहेब म्हणजे नायब तहसीलदार; नाव धैर्यशील, पण कचेरीत सगळे त्यांना रावसाहेबच म्हणत. त्यांना अकराला प्रशिक्षणाला बसायचं होतं. म्हणून त्यांनी बाराच्या सुनावण्या साडेदहालाच उरकायला घेतल्या. कुणाला कळवलं नाही. यशराज मात्र इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वेळेआधीच खोलीत उभा होता.

गुंडूनं जिन्याच्या तोंडाशी येऊन पुकारा केला. अर्जदाराच्या नावानं तीनदा हाक मारायची, हा कचेरीचा जुना रिवाज.

"बायडाबाई हाजिर हाय काऽऽ?"

खालून आवाज आला, "हाय कीऽऽ! खाली हाय!"

"बायडाबाई हाजिर हाय काऽऽ?"

"हाय की रं बाबा! गुडघं न्हाईत, पर मी हाय!"

तिसऱ्या हाकेलाही ओ आली. आवाज फाटलेला होता, पण खणखणीत होता. मी ऐकला. गुंडूनं ऐकला. यशराजनंही ऐकला, आणि तो म्हणाला, "हितं तर कोण दिसत न्हाय, साहेब."

वर्षाराणी धावत वर आली. धापा टाकत म्हणाली, "साहेब, सासूबाई खाली बसल्यात. त्यांना चढता येत नाही. तुम्ही दोन मिनिटं खाली..."

"अर्जदार तुम्ही आहात का?"

"मी सून."

"मुखत्यारपत्र आहे? नाही ना? मग माझ्यासमोर कोणीच नाही." रावसाहेबांनी लिहिलंसुद्धा, 'तीन वेळा पुकारा केला. अर्जदार गैरहजर. प्रकरण निकाली.' सही केली, घड्याळ बघितलं. "आज वेळ नाही हो ताई. मानवी हक्कांचं ट्रेनिंग आहे."

आणि ते सभागृहात आले.

तिथे टेबलावर हजेरीचा कागद फिरत होता. चाळीस जणांनी सकाळची सही केली आणि दुपारची सहीही तेव्हाच उरकली. त्यातले अकरा जण चहा पिऊन मागच्या दारानं निघून गेले. कागदावर ते संध्याकाळपर्यंत हजर होते. आणि जिन्यात बसून तीनदा ओ देणारी बाई गैरहजर! लिहिणारा हात ज्याचा, हजेरी त्याची.

वर्षाराणीनं खाली जाऊन सांगितलं. मग काकणं दगडावर आपटल्याचा आवाज आला. बायडाबाई पाठमोऱ्या बसून, हातावर भार देत, एकेक पायरी वर सरकत होत्या. सून खालून त्यांचे पाय उचलून ठेवत होती. बावीस पायऱ्या. जात्यावर बसून उभा जन्म गेलेली बाई ती. अंग मोडायला लागलं की तोंडातून ओवीच यायची.

पहिली गं पायरी, पदर खोचिते
दुसरी गं पायरी, हातानं मोजिते
तिसऱ्या पायरीला, सूनबाई पुसते
सरकार आपलं गं, किती उंच बसते

आत पूर्णिमा मॅडम पडद्यावरची अक्षरं वाचत होत्या, "प्रत्येक माणसाला प्रतिष्ठेनं वागवलं जाण्याचा हक्क आहे." माईकचा आवाज मोठा होता. ओवी कुणाला ऐकू गेली नाही. मला गेली. मी दारातच होते, आणि माझे ब्रेक लावलेले होते.

मग मॅडमनी खुर्चीचा प्रयोग सुरू केला. पहिला मान रावसाहेबांचा. कुणीतरी माझ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि रावसाहेब माझ्यात बसले. पिराजीनंतर माझ्यात बसलेलं पहिलं माणूस, आणि तेही धडधाकट! दोघा कारकुनांनी मला ढकललं. मोबाईल वर झाले.

"रावसाहेब, हॉर्न द्या!"

"लायसन हाय का विचारा आधी!"

"हळू रे, रंकाळ्यात घालशील!"

"खेळ नाही हो हा," मॅडम म्हणत होत्या, "जरा मनावर घ्या." पण हशा थांबेना.

तेवढ्यात दारात बायडाबाई पोचल्या. जमिनीवर बसलेल्या. लुगडं धुळीनं माखलेलं, दोन्ही तळवे सोललेले. त्यांनी वर बघितलं. खुर्चीत बसलेला माणूस दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग एकदम निवला. डोळ्यांत कणव आली.

"अगं आई!" त्या म्हणाल्या. "पावणं, तुमच्या पायाला काय झालं ओ?"

हशा जागच्या जागी मेला.

रावसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काही नाही झालं, मावशी."

"काय न्हाय झालं?"

"नाही."

"मग उठा की."

रावसाहेब उठले. वर्षाराणीनं सासूला उचलून माझ्यात बसवलं. बायडाबाईंनी सोललेले तळवे माझ्या हातांवर टेकले, तिथेच, जिथे पिराजीनं तीनदा घासलं होतं.

"मी बायडाबाई," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या केसची."

"मावशी, ती निकाली निघाली. तुम्ही वेळेला नव्हता."

वर्षाराणीनं पिशवीतून नोटीस काढली आणि मोठ्यानं वाचली. "वेळ, दुपारी बारा." सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या घड्याळाकडे वळल्या. बाराला दहा कमी होते.

"आता सही झाली आहे. नवीन अर्ज करा," रावसाहेब पुटपुटले. "गुंडू, मावशींना खुर्चीतून खाली सोड."

बायडाबाईंनी माझी दोन्ही चाकं घट्ट धरली. "खबरदार हात लावशील तर. रावसाहेबांनी लिवलंय, मी गैरहजर हाय. जी बाई हितं न्हाईच, तिला खाली कसं नेशील रं? न्हायच म्हटल्यावर मी बसतो की हितंच. उद्या बी बसतो. कुणाला दिसणारच न्हाय."

मग भिंतीला टेकलेला गुंडू पुढं आला. "साहेब, मावशीनं ओ दिली हुती. तिन्ही बारीला. मी ऐकली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी लिवत हुता, साहेब."

पूर्णिमा मॅडमनी पडदा बंद केला. "रावसाहेब, फाईल इथेच मागवा," त्या म्हणाल्या. "हा प्रयोग मी आखला आणि जिन्यात कोण बसलंय ते मीही बघितलं नाही. आता पुढचं शिक्षण यांच्याकडून घेऊ."

फाईल आली. उरलेल्या एकोणतीस जणांच्या देखत रावसाहेबांनी 'गैरहजर' खोडलं, 'हजर' लिहिलं. बायडाबाई म्हणाल्या, "तीनदा ओ दिली, ती बी लिवा." तीही लिहावी लागली. यशराजला पुन्हा तारीख लागली, रस्त्याच्या पाहणीचा दिवस ठरला. पंधरवड्यानं वर्षाराणी निकालाची नक्कल न्यायला आली, तेव्हा जिन्याशी थांबून मला म्हणाली, "खांब निघाले गं. रिक्षा दारात येते आता."

मी आनंदले. पण माझा राग गेला असेल असं समजू नका. ती हे बोलली तेव्हा माझ्या चाकात साखळी होती. बायडाबाईंना खाली उतरवल्यावर अर्ध्या तासात मला कुलूप लागलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला तो रावसाहेबांचा, खुर्चीत बसून हसणारा. बायडाबाईंचा फोटो कुणीच काढला नव्हता. स्टोअरच्या वहीत माझ्या नावापुढं नोंद आहे, 'वापर: प्रशिक्षणाकरिता. खुर्ची सुस्थितीत परत. प्लास्टिक फाटले.' आणि मावशींच्या तळव्यांचा जो डाग माझ्या हातावर पडला होता, तो खंडेनवमीआधी फडक्यानं पुसून टाकला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या रावसाहेब होईल, कुणी गुंडू होईल. मला ओवाळू नका. मला तेल द्या, माझी साखळी सोडा, सुनावणीचं टेबल खालच्या मजल्यावर घ्या. आणि एवढं काहीच जमलं नाही, तर तीन हाका मारून झाल्यावर, गैरहजर लिहायच्या आधी, जागचे उठा. तुमचे पाय धड आहेत. चार पावलं चाला, कठडा धरा आणि जिन्यातून खाली वाकून बघा.

पहिल्या पायरीवर कुणीतरी बसलेलं असेल. घसा फोडून ते सांगत असेल, "हाय की मी!"