सर्वानुमते

‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिण्यासाठी सभेची वही सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीने पेन टेकवले, आणि राहीबाईने पुढे वाकून वहीच्या पानावर तळहात ठेवला.

रविवार सकाळची उपासना आटोपून देवळामागच्या हॉलमध्ये लांब टेबलाभोवती बसलेली माणसे तिच्याकडे बघू लागली. टेबलाच्या टोकाला फादर कॅजेटन होते. पुढचा विषय वाचायला त्यांनी चष्मा लावला होता, तो काढून हातात धरला.

“काय झालं, राहीबाई?”

“मी व्हय म्हणलं न्हाई, फादर.”

विषय रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे या उपासनेच्याच, वेळेचा होता. सकाळी आठची मराठी मिस्सा दुपारी तीनला न्यायची आणि तीनची इंग्रजी मिस्सा सकाळी आठला आणायची. फादरांनी कारणे नीट मांडली होती. मिरजेला नर्सिंग शिकायला केरळातून आणि पार ईशान्येकडून आलेल्या मुली होत्या, कारखान्यांत बाहेरून आलेले इंजिनिअर होते. मुलींची ड्यूटी दुपारी दोनला लागायची, त्यामुळे निम्म्या मुलींची मिस्सा दर रविवारी बुडायची. धर्मगुरू एकटेच. दहानंतर त्यांना दोन गावांना जायचे असे, म्हणजे सकाळी आणखी एक मिस्सा बसवणे शक्य नव्हते. एवढे सांगून त्यांनी कोणाला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. कोणी चहाच्या कपाकडे पाहिले, कोणी खिडकीबाहेर. मग फादर ‘ठीक आहे’ म्हणाले आणि त्यांनी प्रियदर्शनीकडे मान वळवली. चर्चच्या या सल्लागार मंडळात, पॅरिश कौन्सिलमध्ये, आजवर सगळे ठराव असेच होत आले होते.

राहीबाई कौन्सिलवर आली, त्याला दोनच महिने झाले होते. आधी फादरच मिस्सा संपल्यावर नावे वाचून दाखवत, आणि ज्यांची नावे वाचली जात ते तीन वर्षे कौन्सिलवर असत. या खेपेला बिशपांचे पत्र आले. प्रत्येक विभागाने आपला माणूस आपण निवडायचा, असे त्यात होते. सात विभागांचे सात निवडलेले, तिघे फादरांनी नेमलेले, आणि कॉन्व्हेंटच्या मुख्य सिस्टर पदामुळे. फादर अध्यक्ष.

माधवनगर विभागात एकतीस घरे. एका संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर बयाबाईच्या सोप्यातच चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यांनी धरले होते की मानसिंगराव येणार. साताऱ्याकडचा माणूस, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, लेकीजवळ राहायला इकडे आलेला, आणि मागच्या दोन्ही कौन्सिलांवर असलेला. बयाबाईने ऐनवेळी राहीबाईचे नाव सुचवले. मानसिंगराव चांगले हायती, ती म्हणाली, पण ते बसल्या जागी मान डोलावत्यात. मानसिंगराव तिथेच बसले होते. त्यांनी ते ऐकून घेतले. राहीबाईला एकोणीस चिठ्ठ्या पडल्या, त्यांना आठ.

चार दिवसांनी फादर स्वतः राहीबाईच्या घरी आले. ती यंत्रमागाच्या चादरींना काठ शिवत होती. मशीन थांबवून तिने त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला. फादरांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली, गुडघ्यांची केली. मग कौन्सिलचे काम कसे कागदपत्रांचे असते, चर्चा कशी पुष्कळदा इंग्रजीतच होते, आणि मानसिंगरावांचा अनुभव कसा उपयोगी पडला असता, हे सांगितले. नाव मागे घ्या, असे ते म्हणाले नाहीत. पण तेच सांगायला ते आले होते, हे तिला कळले.

तिने कपबशी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, “नाव मागं घ्यायचं तर ज्यांनी चिठ्ठी टाकली त्यांना विचारावं लागंल. तुमी विचारता, का मी विचारू?”

फादर चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी नेमलेल्या तिघांत त्यांनी मानसिंगरावांचे नाव वाचले. त्याबद्दल राहीबाईची काही तक्रार नव्हती. तो त्यांचा हक्कच होता.

सभा कशी चालते हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. माधवनगरच्या एका गिरणीत, सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या रीलिंग खात्यात, तिची एकोणीस वर्षे गेली होती, त्यातली सात युनियनच्या कमिटीवर. गिरणी बंद करायचा कागद पुढे आला त्या दिवशी ती उभी राहून बोलली होती, चांगली दहा मिनिटे. पुढे काही वर्षांनी बायका जाब विचारायला गेल्या तेव्हा साहेबांनी कपाटातून तो कागद काढून दाखवला. कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा होऊन सर्वानुमते, असे त्यात लिहिलेले होते. तिच्या दहा मिनिटांतले एक अक्षर कागदावर नव्हते. सोबतच्या बायकांनी तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर ती अजून विसरली नव्हती.

आता तिचा हात वहीवर होता, आणि फादर वाट पाहत होते.

“तुमचा विरोध आहे का?” त्यांनी विचारले. गोव्याच्या माणसाने शिकून घेतलेले त्यांचे मराठी स्वच्छ होते, पुस्तकातल्यासारखे.

विरोध आहेच, असे ती म्हणाली. तीनला मिस्सा म्हणजे चारच्या पाळीचे यंत्रमागवाले येणार नाहीत, संध्याकाळच्या भांड्याला जाणाऱ्या बाया येणार नाहीत. सभेचा विषय कळल्यावर विभागातल्या एकतीस घरांत ती जाऊन विचारून आली होती. त्यातल्या बावीस घरांतून तीनला कोणी येऊ शकत नव्हते. मुलींची अडचण खरी होती, हेही तिने कबूल केले. पण एकाची अडचण उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायची, तर निदान त्या दुसऱ्याला आधी विचारायचे.

फादरांनी ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, “कौन्सिल सल्ला देतं. निर्णय धर्मगुरूचा असतो. हा नियम माझा नाही, चर्चचा आहे.”

“म्हाईत हाय मला. नेमावली वाचून घेतलीया मी. निर्णय तुमचा हाय, तर नाव तुमचं असू द्या. आमच्या नावावर नगं.”

प्रियदर्शनी कॉलेजात शिकवायची. तिने विचारले की राहीबाईंचा विरोध असे वेगळे लिहिले तर चालेल का.

“चालंल. पण मग बाजूनं कोण, त्यांचीबी नावं लिवा. एकेकाला विचारून.”

फादरांना यात हरकत घेण्यासारखे काही दिसले नसावे. त्यांनी मान हलवली. प्रियदर्शनीने वहीच्या कडेला दोन रकाने आखले आणि डावीकडून सुरुवात केली.

पहिली बसली होती क्रांती, नर्सिंग कॉलेजात शिकवणारी. तिने राहीबाईकडे बघतच सांगितले की तिचे नाव बाजूने लिहावे. त्या पोरी घरापासून दोन-दोन हजार किलोमीटरवर असतात आणि रविवारचा तेवढा एक तास त्यांचा असतो. राहीबाईने मान डोलावली. हे मत होते.

सिस्टर म्हणाल्या, फादर ठरवतील तसे.

“ते फादरांचं मत झालं, सिस्टर,” राहीबाई म्हणाली. सिस्टर हसल्या, आणि मग हसणे राहून गेले. त्यांचे नाव कुठल्याच रकान्यात लिहिता येईना.

विश्रामबागचा तानाजी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होता. त्याने खुर्ची मागे-पुढे केली. असे काही चालले आहे हे आपण विभागात सांगितलेलेच नाही, तो म्हणाला, मग कुणाच्या वतीने नाव देऊ? त्याच्या शेजारच्याने तेच म्हटले. पलीकडच्या चौघांनीही. प्रियदर्शनीचे पेन, स्वतःचेही नाव न लिहिता, रकान्यांच्या वर तसेच थांबलेले होते. आत्ता पाच मिनिटांपूर्वी जो ठराव सगळ्यांचा होता, त्याला आता एका क्रांतीखेरीज कोणी धनी उरला नव्हता.

शेवटी मानसिंगराव. ते ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर.

“फौजेत कुणी मत इचारलं न्हाई आमाला, अक्का,” ते हळू आवाजात म्हणाले. “हितंबी दोन टर्म झाल्या, कुणी इचारलं न्हाई. सवय न्हाई.”

“मलाबी नव्हती.”

त्यांचेही नाव लिहिले गेले नाही.

फादर बराच वेळ चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. रागावले आहेत, असे तानाजीला वाटले. त्याने तसे नंतर बोलूनही दाखवले. पण मजकूर सांगायला लागले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“लिहा. क्रांती, बाजूने. राहीबाई, विरोधात. इतरांनी मत दिले नाही. जूनच्या पहिल्या रविवारपासून वेळ बदलण्याचा निर्णय धर्मगुरूंचा आहे.” मग राहीबाईकडे वळून म्हणाले, “असं हवं होतं?”

“जसं झालं तसं लिवलं. मला काय हवं होतं ते येगळं.”

तिने हात उचलला. घामाने कागद थोडा ओलसर झाला होता. प्रियदर्शनीने लिहून वही फिरवली. राहीबाईने सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि साडेदहाची माधवनगरची बस गाठायला निघाली. आपण हरलो आहोत, हे तिला दारातून बाहेर पडतानाच कळत होते. गुडघेही दुखत होते.

फलकावर सूचना लागली ती पुढच्या रविवारी. आजवरच्या सूचना ‘पॅरिश कौन्सिलने ठरवल्याप्रमाणे’ अशा सुरू व्हायच्या. ही सुरू होत होती ‘मी ठरवले आहे’ अशी, आणि खाली फादरांची सही होती. टाइप केलेली नव्हती, हाताने लिहिलेली होती.

मिस्सा सुटल्यावर माधवनगरच्या बायकांनी राहीबाईला अंगणातच गाठले. तू असताना असं कसं झालं गं, बयाबाई म्हणाली. इतरांनीही तेच लावून धरले. राहीबाईने सगळे ऐकून घेतले आणि फलकाकडे बोट केले.

“खाली नाव कुणाचं हाय?”

बायका घुटमळल्या. फादरांना असे जाऊन कोणी कधी विचारले नव्हते. आजवर विचारायचे असलेच, तर कौन्सिलला. आणि कौन्सिल म्हणजे नेमके कोण, हे कोणालाच सांगता आले नसते. बयाबाईच आधी गेली. फादर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी तिला ऑफिसात बसवले आणि दार उघडे ठेवले. तिच्यामागून आणखी सहा जणी गेल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी व्हरांड्यात बाक टाकावा लागला. यंत्रमागवाले आले, विश्रामबागचे आले. तानाजी विभागातल्या घरांची यादी वहीच्या कागदावर लिहून घेऊन आला. आठला राहू द्या म्हणणारे किती आणि तीन चालेल म्हणणारे किती, दोन्ही खरे लिहून. क्रांतीने चार मुलींना आणले. त्यांतल्या एकीने मोडक्या मराठीत फादरांना काहीतरी सांगितले आणि रडली, तेव्हा बाकावरच्या बायकांनी तिला पाणी दिले. मानसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत उभ्यानेच बोलले म्हणे. काय बोलले ते कळले नाही, पण वीस मिनिटे बाहेर आले नाहीत.

मे संपत आला तेव्हा सूचनेतल्या ‘जून’ या शब्दावर एक बारीक कागदाची पट्टी डकवलेली लोकांना दिसली. तिच्यावर ‘जुलै’ लिहिलेले होते. जुलैत काय होणार, हे फादरांनी कोणाला सांगितले नाही. त्यांना स्वतःला ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

त्या रविवारी बाकावर सगळ्यात शेवटी राहीबाई बसली होती. एकेक जण आत जाऊन बाहेर येत होता. तिची पाळी आली तेव्हा फादर टेबलावरच्या चिठ्ठ्याचपाट्या गोळा करत होते. थकलेले दिसत होते. तिला पाहून ते थांबले.

“तुमचं मत तर लिहिलेलंच आहे, राहीबाई.”

“लिवलंय. सांगायचं ऱ्हायलंय.”

बस निघायची वेळ झाली म्हणून बयाबाई अंगणातून हाक मारत होती. राहीबाईने तिला जा म्हणून हात केला आणि खुर्ची पुढे ओढून बसली.