घरातील व्यक्ती

“मूल बोललं तसंच लिहायचं, रत्नव्वा. तुमच्या मनाचं त्यात चिमूटभरही घालायचं नाही.”

चार महिन्यांपूर्वीच्या प्रशिक्षणातला संयोगिता मॅडमचा हा आवाज आज उजळणी वर्गाला बसल्यापासून रत्नव्वाच्या कानात घुमत होता. मॅडम समोरच उभ्या होत्या, दुसरंच काही शिकवत होत्या. पण रत्नव्वाला ऐकू येत होतं ते तेवढंच.

मुलींच्या बालगृहात काळजीवाहक म्हणून तिची एकोणीस वर्षं झाली होती. घरानं टाकलेल्या, मारलेल्या, विसरलेल्या मुली तिथं यायच्या आणि तिला मावशी म्हणायच्या. मागच्या वेळी तिला इथं धाडलं तेही अधीक्षिका बाईंना सवड नव्हती म्हणून. “जा, सही कर आन जेवून ये,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. रत्नव्वा मात्र सगळं मनापासून ऐकून आली होती. निदान तिला तसं वाटलं होतं.

शेजारी गगनबावड्याकडच्या वसतिगृहातली बनाबाई बसली होती. ती जांभई देत पुटपुटली, “चार लेकरं पोटची वाढिवली, तेवीस दुसऱ्याची वाढिवतोय, आन आता आमास्नी शिकिवत्यात लेकराला जवळ कसं घ्यायचं त्ये!”

“गप गं. बघत्यात.”

“बघू देत की. फुकट न्हाय बसलो, सकाळच्या यस्टीनं उभ्यानं आलोय.”

“आता हे पान बघा,” मॅडम म्हणाल्या. भिंतीवरच्या पडद्यावर वहीचं एक पान उमटलं. नाव-गाव काळ्या पट्टीनं झाकलेलं होतं. “तारीख, वेळ, जखम किती बोटं रुंद, कुठल्या हाताला. सगळं जागच्या जागी. निरीक्षण वही अशी असावी. या कागदावरून काम सोपं झालं, आणि ती मुलगी आज आपल्या आईजवळ आहे.”

रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी सुटी सुटी अक्षरं. “ह्ये तर माझं अक्षर,” रत्नव्वा नकळत पुटपुटली. ‘डाव्या तळहातावर तव्याचा चटका. घरातील व्यक्तीने हात टेकवला.’

“आगं, तुझंच हाय व्हय?” बनाबाईनं कोपर मारलं. “पेढं काढ की मग!”

त्या काळ्या पट्टीखालचं नाव रत्नव्वाला ठाऊक होतं.

दानेश्वरी आठ वर्षांची. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या चाळीतली. शाळेतल्या बाईंना तिचा हात दिसला, त्यांनी फोन लावला, म्हणून मागच्या प्रशिक्षणानंतर थोड्याच दिवसांत ती बालगृहात आली. आल्यापासून कुणाशी बोलेना. रत्नव्वा सीमेकडची, तिला कानडी येत होतं, म्हणून पोर तेवढी तिच्याभोवती घुटमळायची. एका दुपारी तिच्या केसांतून फणी फिरवताना, कुणी काही विचारलं नसताना, ती कानडी-मराठीची मिसळ करत म्हणाली,

“अव्वानं केलं. अव्वानंच हात धरला. मामा तर भाईर हुता.”

अव्वा म्हणजे आई. रत्नव्वाचा फणीचा हात जागच्या जागी थांबला. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती. कुणाची निंदा तोंडातून काढायची नाही, हा आणखी एक नेम तिनं बारा वर्षं पाळला होता. आणि ही तर जन्मदात्या आईची निंदा.

“असं आईला म्हणू न्हाई, बाळ,” ती म्हणाली होती. “पाप लागतंय.”

संध्याकाळी तिनं वहीत तारीख, वेळ, जखमेची रुंदी लिहिली. मग तिनं लिहिलं, घरातील व्यक्तीने. यात खोटं काही नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. आई काय घराबाहेरची असते?

बालकल्याण समितीपुढं मुलीला विचारलं गेलं, “कुणी केलं गं, बाळा?” पोरीनं मान वळवून रत्नव्वाकडं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. सांगितलेलं ऐकणारी पोर ती. आई छाती पिटून रडली. सगळं आपल्या भावाच्या, पोरीच्या मामाच्या अंगावर घातलं, आणि तो तर आधीच परागंदा झालेला. कागद वाचला गेला, आईचे डोळे पाहिले गेले, आणि मुलगी आईच्या हवाली झाली. जाताना ती रडली नाही, यातच रत्नव्वानं समाधान मानलं. दुसऱ्या दिवशी पूजेत तिनं एक बेलपान जास्त वाहिलं.

“मॅडम, त्ये पान काढा.”

आपण उभ्या राहिलो आहोत हे रत्नव्वाला आपला आवाज ऐकल्यावर कळलं.

“काय झालं?”

“त्ये खोटं हाय. पोरीनं आईचं नाव घेतलं हुतं. मी लिवलं न्हाय. वर तिलाबी गप केलं.”

मॅडम रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, “आणखी कुणी असं केलंय?”

हात कुणाचाच वर झाला नाही. मान मात्र पुष्कळांची खाली गेली. मघाशी पेढे मागणारी बनाबाई पदराचं टोक गुंडाळू लागली. “आईवर लिवायला हात धजत न्हाय की वो, मॅडम,” ती फरशीकडं बघत म्हणाली.

मॅडम बाहेर जाऊन इचलकरंजीच्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलल्या. रत्नव्वा दाराशी उभी होती. बोलणं संपल्यावरही मॅडमनी फोन कानाचा काढला नव्हता.

“खोलीला कुलूप आहे. बारा दिवस झाले. सीमेपलीकडं गेलेत म्हणे, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही.” त्यांनी फोन खाली घेतला. “शेजारीण म्हणाली, जाताना पोरीच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.”

“उजव्या?”

“हो, उजव्या.”

“हुडकतील न्हवं?”

“कळवते मी पोलिसांना. तिकडच्या लोकांनाही पत्र जाईल. पण...” बारा दिवसांत एवढंसं लेकरू किती लांब गेलं असेल, याचा हिशेब करायला शिकावं लागत नाही.

“समितीपुढं सांगायचं तर काय करावं लागतंय?”

“लेखी द्यावं लागेल. स्वतः जाऊन. पण नोकरी जाईल तुमची, रत्नव्वा. चौकशी लागेल. रात्रभर विचार करा.”

“इचार काय करायचा ऱ्हायलाय? उद्या समिती बसत्या. धा वाजता जाऊन देतो. शबूद हाय माझा.”

संध्याकाळी बालगृहात पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी येऊन बसली होती. अधीक्षिका बाई दारातच कडाडल्या.

“तू येडी हैस काय गं? पोरगीच न्हाय जाग्यावर, तर लिहून कुणासाठी देतीस? आन माझ्याबी गळ्यात फास!”

“पोरगी खरं बोलली हुती, बाई. येवढं तरी कागदावर ऱ्हाऊ दे.”

“त्यानं ती घावणार हाय?”

“न्हाय.”

“मग?”

रत्नव्वा आत गेली आणि रोजच्यासारखी पोरींची ताटं मांडू लागली. बाई आपल्या खोलीकडं निघून गेल्या.

सकाळी पूजा आटोपून तिनं लहान मुलींना शाळेसाठी तयार केलं. एकीच्या दप्तराचा पट्टा निसटला होता, तो सुईदोऱ्यानं टाचून दिला. कपाटाच्या किल्ल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. लिहिलेला कागद चुरगळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला.

“मावशी, कुठं चाललीस?” दप्तरवालीनं विचारलं.

“हितंच, बाळ. कामाला.”

फाटकावर पहारेकऱ्यानं वही पुढं सरकवली. तिनं नाव लिहिलं, जाण्याची वेळ लिहिली.

“आन येणार कवा, मावशी? लिवा की.”

तिनं तो रकाना कोराच ठेवला, वही मिटून त्याच्या हातात दिली, आणि पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागली.