मामाचा हक्क

विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरच्या, दोन शर्यतींच्या मधल्या वेळात भर समुद्रात न्याहारी चालते. बहुतेक देशांची आपापली मोटारबोट, तिच्यात आपला कोच. खेळाडू शीड पाण्यावर आडवं टाकतात, बोटीच्या काठाला धरून पाणी पितात, केळं खातात आणि कोचच्या शिव्याही खातात. भारतातून एकट्याच आलेल्या उमादेवीला ना बोट होती, ना कोच. ती आपल्या फळीवर पाय सोडून एकटीच बसे आणि पाठीवरच्या पिशवीतलं कोमट पाणी पुरवून पुरवून पिई. स्पेनच्या त्या किनाऱ्यावर तिची भाषा कळणारं कुणी नव्हतं. शर्यतीत ती शेवटून तिसरी-चौथी येई आणि रागवायलाही कुणी नसे, याचंच तिला जास्त वाईट वाटे.

पोर दुष्काळी लातूरकडच्या देवणीची. शाळेतल्या निवडीत मजबूत खांदे पाहून तिला गोव्याच्या विंडसर्फिंग केंद्रात नेलं, आणि कधी तळ्यातही न उतरलेली ही पोर वाऱ्याशी झुंजायला शिकली. परदेशातला हा तिचा पहिलाच हंगाम. अखेरची स्पर्धा पुरी केली तर पुढच्या वर्षी संघात जागा, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून घरी.

त्या संध्याकाळी अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला. मागे घागरींचा खणखणाट चालला होता.

“जेवलीस का गं? इथं लई हाल हायत. लातूरला तर रेल्वेनं पाणी यायलंय. अन् तुझे अप्पा उदगीर जिल्हा करा म्हनून मोर्चात बसलेत. प्यायला पाणी न्हाई, ह्यांना जिल्हा पाहिजे!”

उमा हसली. अव्वा मात्र हसली नाही.

“बसवजयंतीला तुझ्या भावाचं लगीन हाय. त्याच मांडवात तुझं बी उरकू म्हनले सगळे, टँकर एकदाच लागंल. काल तुझ्या वीरण्णामामाच्या नावानं सुपारी फुटली. निघून ये.”

“अव्वा, त्याच दिवशी माझी शेवटची शर्यत हाय! अन् मला न इचारता सुपारी फोडली?”

“त्यात इचारायचं काय? मामाचा हक्कच हाय. बारशालाच ठरलंय.”

भाचीवर पहिला हक्क मामाचा, ही त्या भागातली जुनी रीत. पोर घरात राहते, शेत घरात राहतं, आणि मोठी माणसं निश्चिंत होतात. पाळण्यातल्या पोरीला आणि मिसरूड न फुटलेल्या पोराला विचारतो कोण? लिंगायतांच्या ज्या बसवण्णांनी बाईला बरोबरीचा मान दिला, त्यांच्याच जयंतीला हे उरकायचं होतं!

उमा वाळूत बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थेट मामालाच फोन लावला.

“मामा, म्या हे लगीन करनार न्हाई.”

“शर्यतीमुळं म्हनतीस? म्या थांबतो की.”

“न्हाई मामा. तुमी मला खांद्यावर बसवून जत्रा दावली. मला ताप आला की उशाला बसलात. तुमाला नवरा कशी म्हनू? म्या मामाच म्हननार.”

वीरण्णाच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जाऊ लागली होती. आलेली प्रत्येक सोयरीक त्यानं परत पाठवली होती.

“मंग मी इतकी सालं कुनासाठी थांबलो, उमा?”

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुःख. त्यानं फोन ठेवला. तिनं पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. मग अव्वानंही उचलला नाही.

बसवजयंतीला देवणीत एकट्या भावाचाच मांडव उभा राहिला. इकडे उमा पाण्यात उतरली, वाऱ्यानं दोनदा आपटली, दोनदा शीड ओढून उभी राहिली आणि शर्यत पुरी केली. किनाऱ्यावर ज्याला त्याला मिठी मारायला कुणीतरी होतं. संघात तिचं नाव लागलं आणि ते कळवायला तिनं घरी फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली.

देवणीत अजून म्हणतात, पोरीनं मामाचा जन्म वाया घालवला. वाचकहो, खरंच पोरीनं?