जोर पहिल्या तुकड्यावर

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. पाठ उसवली आहे, कडा झिजल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर बोलायचाही आता शीण येतो. कराडच्या एका शाळेत, गोसावी मास्तरांच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली.

माझ्या पानांत प्रत्येक शब्द तुकडे पाडून मांडला आहे. ज्या तुकड्यावर जोर द्यायचा, त्याला बारीक तिरकी खूण. मुलं टेबलावर बोटं आपटून तुकडे मोजत, तेही परीक्षेपुरतं. मलाही वाटे, या खुणांवाचून कुणाचं काय अडणार आहे?

बेचाळीस सालच्या थंडीत हरणाबाई शाळेत आली. तिचा नवरा अर्जुना लढाईवर होता. त्याच्या पलटणीचं इंग्रजी पत्र गावातल्या लालासाहेबानं वाचलं होतं. तो दोन इयत्ता इंग्रजी शिकलेला.

"मास्तर, मालक फौजेतनं पळालं म्हणत्यात. मामंजींनी तवापास्नं चावडीवर जायचं सोडलंय. तुमी एकदा बघा."

"लालासाहेबानं काय वाचलं?"

"डि-झर्ट. शेवटाला जोर देऊन. आता पोरं बी दारात येऊन तसंच म्हणत्यात."

मास्तरांनी पत्र वाचलं, मला उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"शब्द एकच, तुकडे दोन. जोर दुसऱ्यावर दिला तर पळून जाणं. पहिल्यावर दिला, डे-झर्ट, तर वाळवंट. इथं वाळवंटच आहे. तो वाळवंटात लढत होता." मास्तरांनी पत्र पुन्हा हाती घेतलं. "बाई, पुढं लिहिलंय, त्या लढाईनंतर त्याचा पत्ता लागलेला नाही."

हरणाबाईनं माझ्या पानावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं.

"म्हंजी पळालं न्हाईत."

"नाही."

"मग मामंजींस्नी तेवढं मराठीत लिवून द्या. बाकीचं मी सांगीन."

दुसऱ्या आठवड्यात लालासाहेब स्वतः आला. ते पान उघडून त्यानं खूण पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मला मिटून गेला. त्यानं चावडीवर सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, असं पुढं मास्तरांच्या कानावर आलं. हरणाबाईचा म्हातारा सासरा पुन्हा चावडीवर बसू लागला. अर्जुना मात्र परत आला नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचं पत्र हाती आलं तर घाई करू नका. अडलेला शब्द अंदाजानं वाचू नका, कुणाला तरी विचारा. ज्याचं पत्र असतं, ते माणूस तुमच्या तोंडाकडं बघत बसलेलं असतं.