दहानंतर पुन्हा एक

पोट शिवायच्या आधी, रक्त टिपायला वापरलेले गॉजचे तुकडे मोजायचे, हे ऑपरेशनच्या खोलीतलं माझं काम. एक जरी आत राहिला तर माणूस जिवाला मुकतो. जन्म गेला मोजण्यात, पण हल्ली मोजताना हात कापायचे, झोप उडाली होती. शेवटी लेकीने दम दिला, "आई, रोज आधी मोबाइलवर डोक्याचा व्यायाम, मग ध्यान. नाटकं नकोत."

व्यायाम म्हणजे उलटे आकडे, रंगांच्या जोड्या. ध्यान म्हणजे श्वास मोजायचे, दहा झाले की पुन्हा एकपासून. थोड्याच दिवसांत थरथर गेली. मग काय, येईल त्या सिस्टरला मी शहाणपण शिकवत सुटले.

आज टेबलावर आमच्या शिपाईकाकांची बायको होती. गॉजची तीन बंडलं फोडलेली, प्रत्येकात दहा तुकडे. मदतनीस मावशी चिमट्याने एकेक तुकडा चादरीवर टाकत होत्या, मी मोजत होते. आठ, नऊ, दहा. एक, दोन... कसं शांत वाटत होतं. "बरोबर," मी म्हणाले. डॉक्टरांनी सुई मागितली.

आणि काळजात धस्स झालं. आमची मोजणी सरळ तीसपर्यंत जाते, ती कधी एकवर परत येत नाही. मी आले होते. किती वेळा, देव जाणे. तुकडे मोजले की श्वास, तेही सांगता येईना.

"डॉक्टर, थांबा."

"सिस्टर, आत्ताच बरोबर म्हणालात ना?"

"म्हणाले. पण दहा कितीदा झाले, ते मला माहीत नाही."

मावशींनी तुकडे पुन्हा मांडले. या वेळी मी मोठ्याने मोजलं. अठ्ठावीस, एकोणतीस. पुढे काही नाही. वापरलेले तुकडे टाकायची बादली रिकामी, टेबलाखालीही काही नाही. डॉक्टरांनी पुन्हा पोटात हात घातला. मेली बिचारी, मी मारली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आतड्यामागून रक्ताने भिजलेला तुकडा निघाला. "तीस," मी म्हणाले.

बाहेर शिपाईकाका उभेच होते. "सगळं नीट झालं ना, ताई?"

"झालं, काका." त्यांच्याकडे बघवेना. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो मीच हौसेने घरी आणला होता.

कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल वाजला. आजचं ध्यान बाकी होतं. मी बसले, डोळे मिटले. दहा आले. मी थांबले नाही. अकरा, बारा, तेरा... तीसला डोळे उघडले. हात पुन्हा पहिल्यासारखे कापत होते.

कापू देत, म्हटलं.